धाकटीच्या शिंका

मावशी त्या सकाळी सोफ्याच्या दुकानात शिरली ती भांडायच्या तयारीनेच. खोटं कशाला बोला! गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती कटिंग मास्तरीण होती. एका वेळी साठ थर कापड मशीनखाली धरायची आणि दोऱ्याइतकाही फरक पडू द्यायची नाही. रजा तर कधी मागायचीच नाही. त्या दिवशी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली तेव्हा सुपरवायझरने विचारलं, "काय, घरी काही विशेष?" तर म्हणाली, "मेव्हण्याला सरळ करायचाय." त्याला वाटलं, बाई गंमत करतेय. गंमत कसली डोंबलाची!

मेव्हणा म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. जुने सोफे आणि खुर्च्या उसवून नव्याने भरून द्यायचा त्याचा धंदा. आठ महिन्यांपूर्वी धाकटी गेली. लिव्हरचा कॅन्सर. कळल्यापासून चार महिन्यांत सगळं आटोपलं. डॉक्टरांनी शेवटच्या दिवसांत सगळ्यांना समोर बसवून सांगितलं होतं, हिच्या रक्तात हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू आहे, बहुतेक जन्मापासून, तिच्या आईकडून आलेला. कधी काही दुखलं नाही म्हणून कळलं नाही. आता घरातल्या प्रत्येकाने रक्त तपासून घ्या. मुलीचं तर सगळ्यात आधी.

मावशीने दुसऱ्याच दिवशी रक्त दिलं. तिच्यात काही निघालं नाही. एकाच आईच्या दोघी, एकीला लागलं, दुसरीला नाही, याचा जाब कोणाला विचारायचा? मेव्हण्यानेही गुपचूप जाऊन स्वतःचं तपासून घेतलं. गुपचूप हं! मावशीला ते कळलं ते त्याच्या खिशातून पडलेल्या पावतीवरून. त्याचंही काही निघालं नाही. राहिली ती पोरगी. एकोणीस वर्षांची, एकुलती एक. आणि तिच्या तपासणीचं नाव काढलं की हा गृहस्थ कानावर हात ठेवायचा. "पोरगी ठणठणीत आहे. उगाच सुया कशाला टोचायच्या?" आठ महिने मावशी फोन करत होती. आठ महिने तो "बघू" म्हणत होता. या "बघू"ने मावशीच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

आज मात्र संधी आली होती. हॉस्पिटलमधून एक बाई घरोघर फिरून माहिती गोळा करत होती, लिव्हरच्या कॅन्सरने गेलेल्या माणसांबद्दल. ती आज दहाला दुकानात येणार, हे पोरीनेच स्वतः फोन करून सांगितलं होतं. एक शिकलेली, हॉस्पिटलची बाई समोर असताना याला शब्दात पकडायचं आणि पोरीच्या तपासणीला हो म्हणायला लावायचं, असा मावशीचा बेत होता. बसमध्ये तिने सगळी वाक्यं मनात घोळवली होती. दोन-तीन तर फारच झोंबणारी होती, आणि ती तिने जपून ठेवली होती.

दुकानाचे दोन भाग. पुढे काचेमागे तयार सोफे, प्लॅस्टिक घातलेले, हात लावायची सोय नाही. मागे एक लांबट खोली, तिथे जुना माल उसवायचा. आधी पाठीचं कापड उलगडायचं, टाके एकेक करून, कारण तेच कापड नव्याला माप म्हणून लागतं. मग आतला काथ्या, कापूस, गंजलेल्या स्प्रिंगा. कापूस फेकायचा नाही, हाताने मोकळा करून परत खाली भरायचा आणि वर नवा फोम, ही मेव्हण्याची पद्धत. जुना कापूस बसलेला असतो, तो दगा देत नाही, असं तो गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचा. पण तो मोकळा करताना वीस-वीस वर्षांची धूळ उठायची. खोलीला एक खिडकी होती. ती बंद, कारण रस्त्यावरची धूळ आत आली तर फिक्या रंगाची कापडं मळतात. कापडाची केवढी ती काळजी! त्या खोलीत, एका बुटक्या स्टुलावर बसून धाकटीने बावीस वर्षं टाके उसवले. आता तिथे तिची पोरगी बसत होती.

मावशी आली तेव्हा पोरगी मागेच होती. तोंडाला रुमाल, मांडीवर खुर्चीची पाठ. मावशीला पाहून ती उठायला लागली. "मावशी, मला जरा तुझ्याशी…" ती म्हणाली.

"बस बस, नंतर बोलू," मावशी म्हणाली. "आधी तुझ्या बापाचं बघते."

हॉस्पिटलची ती फॉर्मवाली बाई पुढच्या बाजूला येऊन बसली होती. तिशीच्या आतली, चष्मा, मांडीवर कागदांचं जाड पॅड. मेव्हण्याने तिच्यासाठी एका सोफ्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलं होतं. मावशीला बघताच त्याचा चेहरा उतरला.

"ताई, तुम्ही कशा काय आज?"

"का, बंदी आहे?"

"तसं नाही. तुमचं काम बुडलं असेल म्हणून म्हटलं."

"माझ्या कामाची काळजी तुम्ही नका करू. माणसं बुडाली तेव्हा नाही केलीत."

फॉर्मवालीने एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. अशी घरं तिने बरीच पाहिली असणार. ती शांतपणे म्हणाली, "ज्या घरात त्या राहत होत्या, त्या घरातल्या मोठ्या माणसाने उत्तरं द्यायची असतात. म्हणजे काका देतील. ताई, तुम्ही बसा, पण मध्ये बोलू नका हं. आमचा नियमच आहे तसा."

झालं! मावशीला पहिलाच फटका बसला. ज्या बहिणीला तिने अंगाखांद्यावर खेळवलं, तिच्याबद्दल बोलायचा हक्क याला, आणि हिने ओठ शिवून बसायचं. ती समोरच्या खुर्चीत बसली आणि तिने पर्स मांडीवर घट्ट धरली.

प्रश्न सुरू झाले. वय, वजन, काम काय करायच्या. "घरीच असायची, थोडी मदत करायची दुकानात," मेव्हणा म्हणाला. थोडी मदत! मावशीने दात आवळले. दारू? नाही. तंबाखू? नाही. कधी रक्त दिलं-घेतलं? आठवत नाही. घरात कोणाला कावीळ? माहीत नाही. तो अशी पटापट उत्तरं देत होता, जणू गिऱ्हाइकाला खुर्चीचं माप सांगतोय. आवाजात दुःख नाही की काही नाही. एकदा तर मध्येच उठून त्याने काचेवरचा डाग पुसला.

मग फॉर्मवालीने पान उलटलं. "त्यांना अ‍ॅलर्जीचा काही त्रास होता का? म्हणजे सारख्या शिंका, नाक वाहणं, डोळे चुरचुरणं, दम लागणं, अंगावर गांधी उठणं, असं काही?"

"छे!" मेव्हणा म्हणाला. "तसलं काही नाही."

मावशी ताडकन उठली. गेला तो नियम खड्ड्यात!

"काय म्हणालात? तसलं काही नाही? अहो, सकाळी पहिला टाका उसवला की शिंका सुरू व्हायच्या तिच्या, त्या दुपारपर्यंत! डोळे हे एवढे सुजायचे. फोनवर बोलायची तर निम्मं बोलणं शिंकण्यात जायचं. बावीस वर्षं! आणि तुम्ही म्हणता तसलं काही नाही?"

"ताई, प्लीज," फॉर्मवाली म्हणाली.

"धूळ आहे तिथे, माणूस शिंकणारच," मेव्हणा म्हणाला. "मीही शिंकतो. याला काय आजार म्हणतात? ती जरा नाजूकच होती. थोडं काही झालं की रुमाल घेऊन बसायची. चोचलेच होते ते."

"चोचले!" मावशीचा आवाज पार रस्त्यावर गेला. "मेल्या माणसाला चोचले म्हणता? लाज नाही वाटत? एक खिडकी उघडायला सांगत होती ती तुम्हाला. एक खिडकी!"

"आणि तुम्ही?" मेव्हणाही आता उठला. त्याच्या गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. "फार पुळका आलाय आज. मला तिने सगळं सांगितलंय. लहानपणी तुम्हीच तिला स्वयंपाकघरात झोपायला पाठवायचात ना? हिच्या शिंकांनी माझी झोप मोडते, म्हणून? शेगडीजवळ, फरशीवर! शिंकोबा कोण म्हणायचं तिला? मी?"

हे याला माहीत असेल असं मावशीच्या स्वप्नातही नव्हतं. धाकटीने हे सांगितलं होतं तर. कधी सांगितलं असेल? रडून सांगितलं असेल की हसून? मावशी तेव्हा चौदा वर्षांची होती, परीक्षा होती, आणि धाकटी शिंकायची म्हणजे अख्खी रात्र शिंकायची. ही कारणं खरी होती, पण आता ती तोंडातून निघेनात. आणि या माणसासमोर निघेनात म्हणून आणखीच संताप आला.

"डॉक्टरांना कधी दाखवलं होतं का? लहानपणी किंवा नंतर?" फॉर्मवालीने मध्येच विचारलं. तिला बहुतेक वाटलं, प्रश्न विचारला की भांडण थांबेल.

दाखवलं नव्हतं. कोणीच नाही, कधीच नाही.

फॉर्मवालीने काही लिहिलं नाही. पेन नुसतं हातात धरून बसली.

"पण मला एक कळत नाही," मेव्हणा खाली बसत म्हणाला, "लिव्हर कुठे, नाक कुठे! शिंकांचं काय घेऊन बसलात तुम्ही?"

आता खरं म्हणजे फॉर्मवालीने याचं उत्तर द्यायला नको होतं. सगळी उत्तरं लिहून झाल्याशिवाय कशासाठी विचारतोय ते सांगायचं नाही, असं त्यांना बजावलेलं असतं. नाहीतर माणसं हवी तशी उत्तरं फिरवतात. पण दोन तापलेली माणसं समोर, मागे रस्त्यावरचे लोक काचेतून डोकावतायत. ती बिचारी गडबडली आणि बोलून गेली.

"काही ठिकाणच्या अभ्यासांत असं दिसलंय की, ज्यांना अ‍ॅलर्जी असते त्यांच्यात लिव्हरच्या कॅन्सरचं प्रमाण थोडं कमी आढळतं. सगळीकडे तसंच दिसलेलं नाही. कारणही नक्की माहीत नाही. शरीराची संरक्षणाची यंत्रणा जास्त जागी असते म्हणून असेल, असा एक अंदाज आहे. नक्की काही नाही. तेच आम्ही तपासतोय."

मेव्हण्याचा चेहरा असा काही उजळला की मावशीला तिथल्या तिथे त्याला स्टेपलने सोफ्याला ठोकावंसं वाटलं.

"म्हणजे बघा हं," तो बोट वर करून म्हणाला. "ज्याला अ‍ॅलर्जी, त्याला लिव्हरचा कॅन्सर होत नाही. हिला झाला. म्हणजे हिला अ‍ॅलर्जी नव्हतीच! मी काय सांगत होतो मघापासून? तुमच्याच शास्त्राने सिद्ध झालं की! लिहा, नाही म्हणून लिहा."

"होत नाही असं नाही काका. कमी दिसतं असं म्हटलं मी. तेसुद्धा हजारो माणसं एकत्र मोजली तर. एकट्या माणसाचं त्यावरून काहीच सांगता येत नाही."

"तेच ते."

"तेच ते नाही," फॉर्मवाली म्हणाली, पण ऐकतो कोण! त्याच्या खांद्यावरचं मणभर ओझं उतरलं होतं. बायको आजारी नव्हती, नाटकं करत होती, आणि आता हॉस्पिटलनेच तसा शिक्का मारला होता. तो मागे टेकून बसला. तेवढ्यात मागच्या खोलीतून शिंक ऐकू आली. मग दुसरी. मग तिसरी. मावशीने मोजल्या, अकरा झाल्या.

"सर्दी झालीये का त्यांना?" फॉर्मवालीने विचारलं.

"कसली सर्दी!" मावशी म्हणाली. "आईच्या स्टुलावर बसवलंय ना तिला. आई अंथरुणाला खिळल्यापासून तीच बसते. वर्ष झालं. आणि बाई, तुम्ही हॉस्पिटलच्या ना? मग तुम्हीच सांगा याला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पोरीचं रक्त तपासा. आठ महिने झाले. स्वतःचं गुपचूप तपासून आला हा. पोरीचं नाव काढलं की बघू!"

फॉर्मवालीचा चेहरा गंभीर झाला. "काका, खरंच नाही केली तपासणी?"

मेव्हणा हसला. अहो, चक्क हसला!

"आता तर गरजच नाही ना," तो म्हणाला. "तुम्हीच म्हणालात आत्ता. शिंकणाऱ्याला लिव्हरचं भय नाही. ऐकलंत ना, कशी शिंकते? धडाधड! हिची तर मला काळजीच मिटली."

मावशीची एक सवय होती. मशीन चालू करायच्या आधी ती कापडावर तळहात फिरवून घ्यायची, कुठे सुरकुती नाही ना बघायला. तसा तिने मांडीवरच्या पर्सवर हात फिरवला. मेव्हणा आपल्या पायाने चालत कात्रीत आला होता. बसमध्ये घोकलेल्या वाक्यांची तिला आता गरजच नव्हती.

"म्हणजे पोरीला अ‍ॅलर्जी आहे," ती गोड आवाजात म्हणाली.

"असणारच. एवढ्या शिंका काय उगाच येतात?"

"चोचले नाहीत?"

"छे छे! पोरगी तशी नाही माझी. कामाला वाघ आहे."

"नाजूक वगैरे?"

"मुळीच नाही. आजारच तो. अ‍ॅलर्जी."

"बरं," मावशी म्हणाली. "मग तिची आई त्याच खोलीत, त्याच स्टुलावर, त्याच धुळीत बावीस वर्षं अशीच शिंकत होती. तिला काय होतं हो?"

मेव्हण्याने काचेकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. फॉर्मवालीने मान खाली घातली. मावशी थांबली नाही.

"बोला ना! आईच्या शिंका म्हणजे नाटकं आणि पोरीच्या शिंका म्हणजे ढाल? एक काहीतरी ठरवा. आईला अ‍ॅलर्जी नव्हती म्हणता, तर पोरीलाही नाही. मग चला, आत्ताच्या आत्ता रक्त द्यायला. आणि पोरीला आहे म्हणता, तर आईलाही होती. होती, आणि तरी तिला कॅन्सर झाला. मग कुठे गेली तुमची ढाल? तरीही चला रक्त द्यायला!"

"आणि काका," फॉर्मवाली हळूच म्हणाली, "शिंका असोत नसोत, त्या विषाणूचं रक्त तपासावंच लागतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध लावू नका. माझंच चुकलं, मी बोलायला नको होतं."

मेव्हण्याच्या कपाळाला घाम आला होता. त्याने खिशातून रुमाल काढला. घाम पुसता पुसता तो जमिनीकडे बघत म्हणाला, "लिहा. होती. शिंकायची ती. खूप शिंकायची."

फॉर्मवालीने कागदावर खूण केली. एवढीशी खूण, पण मावशीच्या छातीत काहीतरी उसळलं. पाणी पाजलं होतं तिने याला! धाकटी असती तर… पण धाकटीचा विचार करायला तिच्याकडे वेळ नव्हता. आता घाव घालायचा होता.

"आता तपासणी. आजच."

"ताई, तुम्हाला काय जातंय बोलायला?" मेव्हणा कळवळून म्हणाला. "समजा निघालं काही. मग? चार लोकांत कळलं की पोरीच्या हातचं पाणी कोणी पिणार नाही. उद्या तिचं लग्न, तिचा संसार…"

"पाण्याने नाही पसरत हो ते," फॉर्मवाली म्हणाली.

"तुम्हाला माहीत आहे. लोकांना सांगायला तुम्ही येणार आहात?"

"लोकांसाठी पोरीचा जीव घ्या मग!" मावशी ओरडली. "एक घालवलीत, आता दुसरी घालवा! अहो, बाप आहात की कोण आहात?"

तेव्हा मागच्या खोलीचं दार उघडलं. पोरगी बाहेर आली. तोंडावरचा रुमाल तिने गळ्यात ओढला होता, डोळे लालभडक, नाकाचा शेंडा सोललेला. केसांत कापसाचे पुंजके. ती कोणाच्या बाजूला जाऊन उभी राहिली नाही. दोघांच्या मधोमध, एका नव्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"झालीये माझी तपासणी," ती म्हणाली. "दोन महिने झाले. मी एकटी जाऊन केली. निघालंय. आईचंच आहे माझ्यात."

मेव्हणा आधी बोलला. "कोणाकोणाला सांगितलंस?"

आणि मावशी? मावशीच्या तोंडून निघालं, "बघा! सांगत नव्हते मी?"

नुसते शब्दच असते तर एक वेळ चाललं असतं. पण ते म्हणताना तिचा चेहरा फुलला होता. खरंच फुलला होता, हसू ओठांवर आलं होतं. आठ महिने ज्यासाठी रक्त आटवलं, ते खरं ठरलं होतं, आणि तेही या माणसाच्या तोंडावर. एक क्षणभर, फार तर दोन, तिला निखळ आनंद झाला. मग तिला कळलं आपण कशाने हसतोय, आणि हसू जागीच गोठलं. पण तोवर पोरीने पाहिलं होतं.

"हसलीस तू," पोरगी म्हणाली.

"मी? नाही गं, वेडी का तू…"

"हसलीस मावशी. मी बघितलं." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "बाबा विचारतायत कोणाला कळलं, आणि तू हसतेस. मला काय झालंय हे दोघांनीही नाही विचारलं. दोन महिन्यांत कोणीच नाही विचारलं. तू फोन करतेस ते मला नाही करत, बाबांना करतेस. भांडायला करतेस. मी मोठी आहे गं. मला एकदा म्हणाली असतीस ना, चल, आपण दोघी जाऊ, तर त्याच दिवशी गेलो असतो."

खरंच मावशीच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. बापाला नमवायचं, बापाकडून हो म्हणवून घ्यायचं, एवढंच तिला दिसत होतं. पोरगी एकोणीस वर्षांची आहे, तिला स्वतःचे पाय आहेत, हे तिच्या गावीच नव्हतं.

"आज बारा वाजता सोनोग्राफी आहे," पोरगी म्हणाली. "दर सहा महिन्यांनी करायची असते. ही पहिली. एकटीला भीती वाटत होती. मघाशी तुला तेच सांगायला उठले होते."

"मी येते," मावशी पर्स घेऊन उठली. "चल. आत्ता येते. अर्धी रजा आहे माझी, पूर्ण टाकते."

"आता नको."

"अगं पण…"

"नको मावशी. तिथे बाहेर बाकावर तासभर बसावं लागतं. तू बसशील आणि बाबांबद्दल बोलशील. मला आज नाही ऐकायचं."

फॉर्मवालीने कागद गोळा केले होते. ती अवघडून उभी होती. "मी तिकडेच चाललेय," ती पोरीला म्हणाली. "यायचं असेल तर ये माझ्याबरोबर. सोनोग्राफीचा विभाग दाखवते."

पोरीने केसांतला कापूस झटकला, आतून आपली पिशवी आणली, चपला घातल्या. दारात जाऊन ती बापाकडे वळली. "उद्यापासून मी आत बसणार नाही," म्हणाली. "दुसरं काम बघितलंय." आणि त्या दोघी रस्ता ओलांडून गेल्या. मावशी काचेपाशी जाऊन बघत राहिली. फॉर्मवालीने पोरीला काहीतरी विचारलं, आणि पोरगी तिला हातवारे करून बराच वेळ काहीतरी सांगत होती. मग मध्ये एक बस आली आणि त्या दिसेनाशा झाल्या.

दुकानात दोघंच उरली. मेव्हणा सोफ्यावर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांत घालून. एवढा मोठा माणूस, पण अंगातलं सगळं काढून घेतल्यासारखा चोळामोळा होऊन बसला होता. मग त्याने मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं. बायको गेली त्या दिवशीही मावशीने याच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं.

"ताई," तो म्हणाला. "हे बरं होतं का हो? जगते का पोरगी यातून?"

मावशीला उत्तर माहीत होतं. आठ महिने तिने दुसरं काय केलं होतं? डॉक्टरांना विचारून विचारून तिने सगळं पाठ केलं होतं. विषाणू असला म्हणजे कॅन्सर होतोच असं नाही. औषधं आहेत, लागली तर देतात. दर सहा महिन्यांनी तपासत राहिलं, वेळेवर कळलं, तर यातली कितीतरी माणसं म्हातारी होऊन मरतात. धाकटीचं कोणालाच माहीत नव्हतं म्हणून ती गेली. पोरीचं माहीत आहे. चार वाक्यं होती. सांगितली असती तर त्या माणसाला श्वास घेता आला असता.

तो तिच्या तोंडाकडे बघत होता. तिने पर्स खांद्याला लावली, बाहेर आली, आणि दार आपल्या मागे लोटून दिलं.